सत्तेचाळीस नंबरचा रुमाल

१

कपाटाचं कुलूप शाबूत होतं, किल्ली नेहमीच्या खिळ्याला लटकत होती, आणि दाखल-खारीज रजिस्टर गेलं होतं. सहा जाड वह्या फळीवर ओळीनं उभ्या असायच्या. त्यातली तिसरी नव्हती.

"सोमवारी मीच धूळ झटकली," सिस्टर फिलोमिना चौथ्यांदा म्हणाल्या. "तेव्हा होतं. आज शुक्रवार. रजिस्टरला काय पाय फुटले?"

रुखमाबाई रामटेके शेजारीच उभ्या होत्या. त्या या शाळेच्या शिवणबाई. चौदा वर्षं त्यांनी इथं पोरींना टाके शिकवले आणि शाळा बंद पडल्यावरही मोहटोला सोडलं नाही. शाळेच्या मागंच घर करून त्या ब्लाऊज शिवत. हाताला काम नसलं की त्यांना चैन पडत नसे. आत्ताही बोटं पदराचं टोक गुंडाळत होती आणि उलगडत होती.

संत मोनिका कन्या शाळा १९९९ साली बंद पडली त्याला आता चार वर्षं झाली. एके काळी पोंभुर्ण्यापासून कोरपन्यापर्यंतच्या दोनशे पोरी इथं राहत. पहाटे रुळाच्या तुकड्यावर हातोडा पडला की उठायचं, विहिरीवर रांग, मग प्रार्थना. ज्यांचा येशू नव्हता त्या पोरीही हात जोडून उभ्या राहत आणि मनात आपापल्या देवाचं नाव घेत. पुढं आसपास सरकारी आश्रमशाळा निघाल्या, सिस्टर होण्यासाठी कुणी येईना, आणि एका मे महिन्यात वर्गांना कुलपं लागली. आता उरल्या होत्या सिस्टर, चौकीदार डोमा आणि रांधणारी गोकुळा. शाळा गेली तरी दाखले मागायला पोरी येतच राहिल्या.

आज आलेली पोर दारातच उभी होती. जया दिघोरे. ढिवराची पोर, बाप तलावात जाळं टाकायचा. नर्सिंगचा कोर्स करून तिनं पाच वर्षं खासगी दवाखान्यात काढली होती आणि आता आरोग्यसेविकेच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. मूळ दाखला नर्सिंग शाळेनं गहाळ केला. जिल्हा परिषदेनं सांगितलं, सोमवारी अकरा वाजता मूळ रजिस्टर दाखवा, नाहीतर यादीतलं पुढचं नाव घेऊ.

"बाई, आज नाही तर मग कधीच नाही," ती म्हणाली. "वयाची अट पुढच्या भरतीला बदलते म्हणतात. घरी म्हातारा बाप आहे, दोन पोरं आहेत."

रुखमाबाईंनी कपाटात हात घातला. तिसऱ्या वहीची जागा मोकळी नव्हतीच. तिथं चौपदरी घडी घातलेला एक रुमाल उभा करून ठेवला होता. हिरव्या चौकड्यांचा, विटलेला, पण स्वच्छ. साबणाचा वास येत होता, धुळीचा कण नव्हता.

या शाळेत एक नियम होता. कात्री घ्या, नकाशा घ्या, पाटी घ्या, घेतलेल्या जागी आपल्या नंबरचा रुमाल ठेवायचा, म्हणजे कुणी काय नेलं ते विचारावं लागत नाही. मोठ्या सिस्टर आग्नेस यांनी तो घालून दिला होता, आणि पोरींच्या अंगात तो असा भिनला होता की घरी गेल्यावरही त्या ताकाचं भांडं उचलून तिथं रुमाल ठेवत आणि आयांच्या शिव्या खात.

म्हणजे चोरानं सही करून चोरी केली होती. रुमालाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं आकडा भरला होता. चष्मा घरी राहिला होता, तरी तो मोठा आकडा रुखमाबाईंना वाचता आला.

"जया," त्या हळूच म्हणाल्या, "तुझा नंबर काय होता गं?"

"सत्तेचाळीस, बाई."

रुखमाबाईंनी रुमाल तिच्यापुढं धरला. आकडा सत्तेचाळीसच होता.

२

"मी? मी माझंच रजिस्टर चोरीन?" जयाच्या डोळ्यांत पाणी आलं. "चोरलं असतं तर ते घेऊन चंद्रपूरला नसते का गेले? आणि माझा रुमाल हा नव्हेच. माझा पांढरा होता. तुम्हीच करायला लावला होता, आठवत नाही?"

आठवत होतं. नको इतकं आठवत होतं. पंच्याऐंशीच्या जानेवारीत रुखमाबाई नोकरीला लागल्या तेव्हा ही दहाएक वर्षांची काटकुळी पोर रुमालाशिवाय वर्गात उभी होती. "हरवला" एवढंच म्हणाली. नव्या बाईला कडक दिसायचं होतं. बाईंनी तिच्या तळहातावर पट्टी मारली आणि पांढऱ्या कापडाचा नवा रुमाल शिवायला बसवलं. पोर रडली नव्हती.

डोमा चहा घेऊन आला. साठी उलटलेला माणूस, कपबश्यांचा ट्रे धरायची सवय नाही, निम्मा चहा बशीत सांडलेला.

"तू काऊन आणला? गोकुळा कुठी गेली?" सिस्टरांनी विचारलं. केरळच्या असून तेरा वर्षांत त्यांची जीभ पुरती झाडीपट्टीची झाली होती.

"तिचं डोकं दुखून राह्यलं," डोमा म्हणाला आणि कुणाकडं न बघता निघून गेला.

सिस्टर पोलिसांत जायचं म्हणू लागल्या. त्यांची गोष्ट खरीच होती. एप्रिलमध्ये इमारत रिकामी करायची होती आणि सगळी रजिस्टरं कायमची चंद्रपूरच्या ऑफिसात जमा व्हायची होती. एक कमी पडलं तर जाब त्यांनाच द्यावा लागणार. पण पोलीस आले की पंचनामा, पंचनामा झाला की महिना, आणि जयाकडं होते तीन दिवस.

"रविवारपर्यंत थांबा," रुखमाबाई म्हणाल्या. "तोवर नाही सापडलं तर मीच तुमच्यासोबत ठाण्यात येते."

बोलून तर बसल्या. घरी जाताना वाटेवर मोहफुलांचा सडा पडला होता, वारा गरम होता, आणि आपण कशाच्या जोरावर शब्द दिला हे त्यांचं त्यांनाच कळेना.

३

शनिवारी सकाळच्या जीपनं त्या पोंभुर्ण्याला गेल्या. संशय घ्यायला दोन माणसं होती आणि दोघंही तिथंच राहत.

पहिला धनराज. शाळेचा शेवटचा क्लार्क, आता बसस्टँडसमोर झेरॉक्स काढायचा आणि लोकांचे अर्ज भरून द्यायचा. बाईंना बघताच त्यानं खुर्ची पुसली.

"मले समजलं, बाई. गावात बोंब झाली. माह्यावरच शक असन सगळ्याईले."

"तुझ्याकडं कोऱ्या दाखल्यांचं पुस्तक होतं. कपाट तुला माहीत. किल्ली तुला माहीत."

"मंग? रजिस्टर माह्याकडं असतं तं मी जयाले म्हनलो असतो, दे पाच हजार, घे दाखला. लपवून ठेवल्यानं मले का भेटते?" तो हसला. "आन रुमाल मी कुठून आनू? आमच्या हापिसात कोन्ती पोरगी रुमाल ठेवत होती?"

माणूस लबाड होता, पण हिशेब बरोबर होता. शिवाय लबाड माणूस रुमाल धुऊन, घडी घालून ठेवत नाही.

दुसरी पायल. यादीत जयाच्या लगेच खालचं नाव तिचं होतं, आणि ती याच शाळेच्या वसतिगृहात वाढलेली. जया घसरली की नोकरी पायलला. गावात सगळे तिचंच नाव घेत होते. ती दारात तांदूळ निवडत बसली होती.

"या बाई. मीच चोर आहो, असं म्हनायले आल्या ना?"

"तुझा नंबर काय होता, पायल?"

"एकशे बारा. हे पाहा." आत जाऊन तिनं एक पत्र्याचा बिल्ला आणला. भोक पाडलेला, वर ११२ कोरलेलं. "वस्तू घेतली का खिळ्याले बिल्ला अडकवाचा. रुमालाचं मी फक्त मोठ्या पोरींच्या तोंडून आयकलं. मले नोकरी पाह्यजेन, बाई, खोटं काऊन बोलू? जयाचं नाव कटलं तं मी खुश होईन. पन कपाटाले हात नाई लावला."

रुखमाबाई परतीच्या जीपमध्ये दोन बायकांच्या मध्ये चेंगरून बसल्या आणि विचार करू लागल्या. पायल खरं बोलत होती. सिस्टर फिलोमिना नव्वद साली आल्या आणि रुमाल मळतात म्हणून त्यांनी बिल्ले सुरू केले. त्यानंतरच्या पोरीच्या हाताला रुमाल ठेवायची सवयच नव्हती. म्हणजे चोर वसतिगृहातलीच, पण नव्वदच्या आधीची.

जीप खड्ड्यात आदळली आणि त्यांना हिरव्या चौकड्या आठवल्या. त्या कापडाचा एकच गठ्ठा शाळेत आला होता. चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये दाखल झालेल्या पोरींनी त्याचेच रुमाल शिवले होते. जानेवारीत आपण आलो तेव्हा गठ्ठा संपला होता, म्हणून तर जयाला पांढरं कापड दिलं.

त्या एका तुकडीच्या सगळ्या पोरींचे रुमाल हिरवे होते आणि फक्त जयाचा पांढरा. मग हा हिरवा सत्तेचाळीस कुणी भरला? जयानं खोटं सांगून हरवला म्हणून लपवलेला, तोच का हा? तसं असेल तर चोर जयाच.

४

घरी येऊन त्यांनी चष्मा लावला आणि रुमाल उजेडात धरला. बघता बघता त्या खाटेवरून उठल्याच.

आकडा फुलीच्या टाक्यानं भरला होता. फुलीत एक दोरा खाली, एक वर. उजव्या हाताची पोर भरते तेव्हा वरचा दोरा उजवीकडं झुकतो. जया डावखुरी होती. चौदा वर्षांत अशी एकच पोर त्यांना भेटली, जिच्या सगळ्या फुल्या उलट्या झुकायच्या. किती वेळा उसवायला लावलं होतं तिला! आणि या रुमालावरची प्रत्येक फुली उजवीकडं झुकली होती.

त्या वर्षी दाखल झालेली, सत्तेचाळीस नंबरची, पण जया नसलेली एक पोर होती तर. एका नोंदीत दोन पोरी, आणि मध्ये फक्त दिवाळीची सुट्टी.

डोमा फाटकाजवळ दोरखंड वळत होता. तो शाळेत तेव्हापासूनचा.

"डोमाभाऊ, चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर सत्तेचाळीस नंबरची पोर बदलली का?"

डोमाचा हात थांबला.

"बाई, तुमी शिवनाऱ्या. काही काही उसवू नये."

"जयाची नोकरी जाते रे."

"हो, बदलली," तो शेवटी म्हणाला. "मीच फाटक उघडलो. मोठ्या सिस्टरनं पोरीच्या हातातली पेटी पाह्यली, नंबर पाह्यला, मंग चेहरा पाह्यला. म्हनल्या, जा, जेवून घे. बस. त्याईनं कोनाले सांगतलं नाई, म्यां बी नाई सांगतलं."

जया सिस्टरांच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरली होती. रुखमाबाईंनी रुमाल तिच्या मांडीवर ठेवला आणि समोर बसल्या. जयानं आकड्यावरून अंगठा फिरवला.

"माझ्या बहिणीचा आहे," ती म्हणाली. "खरी जया ती. तिला जागा मिळाली होती. परदेशातलं एक कुटुंब तिच्या नावानं खर्च द्यायचं. दिवाळीत घरी आली, तुळशीचं लग्न लागलं, आन् चार दिवसांनी तिचं. बारा वर्षांची होती. बाप म्हणाला, जागा वाया काऊन घालवाची, लहानीले धाडा. नाव बदललं तर जागा जाईल, म्हणून मला तिची पेटी दिली, तिचा नंबर दिला, तिचं नाव दिलं. रुमाल तेवढा तिनं लग्नाच्या बोचक्यात लपवून नेला."

"आणि तुझं नाव?"

"सोमारी." तिनं ते असं उच्चारलं की जणू दुसऱ्या कुणाचं होतं. "बाई, त्या नावानं मला आता कोणी हाक मारत नाही. आई गेली. बाप पण जयाच म्हणतो."

रुखमाबाईंना तो तळहात आठवला, पट्टी खाऊनही न हललेला. "हरवला" म्हणणारी ती पोर खोटं बोलत होती, आणि खरं विचारायची बाईंना तेव्हा बुद्धी झाली नव्हती. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"बहीण कुठं असते?"

"कोरपन्याकडं दिली होती. मी कधी गेले नाही. कोणत्या तोंडानं जाऊ? दोन वर्षांखाली नवरा वारला असं कानावर आलं."

कोरपना. रुखमाबाईंनी चष्मा काढला. आठ महिन्यांपूर्वी कोरपन्याकडून एक विधवा बाई इथं काम मागायला आली होती. तिकडं सिमेंट कारखान्याच्या कँटीनमध्ये दुप्पट पगार मिळत असताना ती या ओसाड शाळेत रांधायला राहिली. रोज ऑफिस झाडायची. आणि ज्या दिवशी जया आली, नेमकं त्याच दिवशी तिचं डोकं दुखलं.

५

पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. रविवारी सकाळी रुखमाबाई शिवणकामाच्या जुन्या खोलीत जाऊन बसल्या, एक फाटका परदा मांडीवर घेतला आणि हाक मारली.

"गोकुळा, फळीवरची ती मोठी कात्री दे गं जरा."

गोकुळा हात पुसत आली. तिशीची असावी, दिसायची चाळिशीची. तिनं फळीवरची कात्री उचलली. मग खांद्यावरचं फडकं काढलं, चौपदरी घडी घातली, कात्रीच्या जागी ठेवलं आणि कात्री बाईंपुढं धरली.

रुखमाबाई कात्री घेईनात. त्या फळीकडं बघत राहिल्या. गोकुळानंही वळून बघितलं. आपल्या हातानं काय केलं ते तिला तेव्हा कळलं.

"सासरी नाव बदललं तुझं," रुखमाबाई म्हणाल्या. "माहेरची तू जया."

ती रडेल असं वाटलं होतं, पण तिचा आवाज चढला.

"मी चोरलं नाई, बाई. रुमाल ठेवला ना!"

खरंच होतं ते. ठेवला होता.

"सिस्टर म्हनल्या, आता सगळे रजिस्टर चंद्रपूरले जातीन, वापस येनार नाईत. मी रोज झाडू मारताना ते पान उघडून पाहो. जया सुकलू दिघोरे. पोरगी म्हनून माहं नाव कुठी लिवलं असन तं इथीच. तिकडं मी गोकुळा. राशन कार्डावर गोकुळा. मेली तं बी गोकुळाच लिवतीन. म्हनून आनलं, उशाले ठेवलं. मंग ते आली. दाराआडून पाह्यली मी तिले. घड्याळ घातलं होतं."

"तिची नोकरी अडली आहे, तुला माहीत होतं."

"होतं." ती थांबली. "शाळा तिले भेटली, नर्सचं शिक्षन भेटलं, आता नोकरी. सगळं माह्या नावावर. बाई, मले येक पान बी नोको?"

आयुष्यभर चुकीचा टाका दिसला की उसवायचा हेच रुखमाबाईंना येत होतं. हा टाका उसवला तर जयाची नोकरी, तिची पोरं, म्हातारा बाप, सगळंच निघून आलं असतं. आणि नाही उसवला तर ही समोरची बाई तशीच राहणार होती. शिवाय दहावीपर्यंत या वर्गांत बसली ती लहानीच. परीक्षा तिनं दिली होती आणि पट्टीही तिनंच खाल्ली होती.

"मी सिस्टरांना सांगणार नाही, पोलिसांनाही नाही," त्या म्हणाल्या. "द्यायचं की नाही ते तू ठरव. उद्या सकाळी सातची जीप आहे."

६

दुपारभर रुखमाबाई घरात येरझाऱ्या घालत राहिल्या. चारच्या सुमारास राहवेना म्हणून शाळेकडं गेल्या. ऑफिसात जया एकटीच बसली होती. तिला बाईंनी सगळं सांगून टाकलं, लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ती उठून स्वयंपाकघराकडं जायला निघाली, तेवढ्यात गोकुळाच दारात आली. छातीशी रजिस्टर धरलेलं.

अठरा वर्षांनी दोघी बहिणी समोरासमोर उभ्या राहिल्या. जया पाया पडायला वाकली, गोकुळा मागं सरली.

"पाया नोको पडू. नेतेस तं ने," ती म्हणाली. "पन रुमाल ठेव."

जयाजवळ रुमाल कुठला असणार? रुखमाबाईंनी पेटीतून पांढऱ्या कापडाचा तुकडा आणि लाल दोरा काढून दिला. आरोग्यसेविका होऊ घातलेली ती बाई लहान पोरीसारखी जमिनीवर बसली आणि डाव्या हातानं सत्तेचाळीस भरू लागली. फुल्या सगळ्या उलट झुकत होत्या. रुखमाबाईंनी एकही उसवायला लावली नाही. गोकुळा दाराला टेकून टाक्यावर टाका पडताना बघत होती.

सिस्टर फिलोमिनांनी येऊन रजिस्टर बघितलं, दोघींचे चेहरे बघितले, विचारायला तोंड उघडलं. रुखमाबाईंनी नको म्हणून मान हलवली. "बरं," सिस्टर म्हणाल्या, "माझे कान केरळातच राहिले आहेत," आणि प्रार्थनेला निघून गेल्या.

सोमवारी सातच्या जीपनं जया आणि सिस्टर रजिस्टर घेऊन गेल्या. फळीवर पांढरा रुमाल उभा राहिला. गोकुळानं दिवसभरात दहा वेळा ऑफिस झाडलं. रुखमाबाईंनी एका ब्लाऊजची बाही दोनदा उलटी जोडली. डोमा फाटकापासून हलला नाही. सिस्टर तर परत येणारच होत्या, पण जया येईल असं कुणी बोलून दाखवत नव्हतं, कारण नाही आली तर काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

ऊन उतरता उतरता जीप आली. सिस्टरांच्या मागून जया उतरली, काखेत रजिस्टर.

"पडताळणी झाली, बाई. शिक्का पडला. एक तारखेला हजर व्हायचं आहे." हे सांगताना ती बाईंकडं बघत नव्हती. ती सरळ कपाटाशी गेली. वही फळीवर ठेवायच्या आधी थांबली, मग ती तिनं रुखमाबाईंच्या हातात दिली. "सत्तेचाळीस नंबरचं नाव वाचा ना, बाई. हजेरी घेता तसं."

रुखमाबाईंनी पान उघडलं.

"जया सुकलू दिघोरे."

धाकटीनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि खाली बघत उभी राहिली. मग दाराजवळून आवाज आला.

"हजर, बाई."

गोकुळानं पदरानं तोंड पुसलं. पुढं येऊन तिनं फळीवरचा पांढरा रुमाल उचलला, त्याची घडी पुन्हा नीट केली आणि बहिणीच्या हातात ठेवला.

"सोमारे," ती म्हणाली, "सकाळपासून काई खाल्लं का नाई तू? चाल, भात टाकते."

सोमारीनं हाकेला ओ दिली, आणि मग तिला रडू आवरेना.